नदीकडे तोंड केलेल्या चपला

पुण्याहून निघाले तो दिवस मला सँडलवरून आठवतो. २०१३ चा जानेवारी होता. सहकारनगरच्या आमच्या घराखाली गाडी येऊन उभी होती, माझा नवरा नितीन बॅगा बांधून घामाघूम झाला होता, वहिनीनं हातावर दही घातलं होतं. देवापुढे नमस्कार करून मी दाराशी आले तर बाबा उंबऱ्याबाहेर उकिडवे बसून माझे सँडल फिरवत होते. आमच्या घरी हे त्यांचं ठरलेलं काम. आल्यागेल्याच्या चपला ते जोडीनं लावायचे आणि त्यांचं तोंड बाहेरच्या बाजूला करायचे, म्हणजे पाहुणा उठला की थेट पाय घालून चालू लागला. "निघणाऱ्याला मागं वळायला लागू नये," असं ते म्हणायचे. त्या दिवशीही तेच म्हणाले, माझ्याकडे न बघता. मी पाय घातले आणि खरंच वळले नाही, कारण वळले असते तर गाडीत बसले नसते. पण मुंबईच्या विमानतळापर्यंत माझ्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. हा आशीर्वाद होता, की आता परत बघू नकोस असं सांगणं होतं? नितीनला विचारलं तर म्हणाला, "अगं, ते फक्त सँडल होते." त्याचं बरं असतं. तो इंजिनिअर आहे.

तुम्ही जे तिथे राहिलात आणि तुम्ही जे माझ्यासारखे निघालात, त्या दोघांनाही मला हे सांगायचं आहे. एकाच बाजूला सांगितलं तर अर्धंच कळेल. आणि सगळं सांगून झाल्यावर तुम्हाला नीट समजलं, तर कृपा करून मलाही समजावा. मी फार्मासिस्ट आहे. गोळी सकाळची की रात्रीची, जेवणाआधी की नंतर, यात माझी कधी चूक होत नाही. बाकी आयुष्यात मात्र आधीचं काय आणि नंतरचं काय हे मला कधी धड ठरवता आलेलं नाही.

आम्ही पार दक्षिण गोलार्धात, माओरी लोकांच्या देशातल्या हॅमिल्टनला आलो. नितीनला शहराबाहेरच्या 'ते रापा' नावाच्या भागातल्या दूध पावडरच्या कारखान्यात काम मिळालं होतं. मी इथल्या परीक्षा देत देत आधी फार्मसीत मदतनीस आणि मग फार्मासिस्ट झाले. मुक्ता इथेच जन्मली. वायकाटो नदी घरापासून चालत जाण्यासारखी. माझ्या लहानपणची मुठा म्हणजे पुलावरून नाक दाबून बघायची गोष्ट. ही नदी हिरवीगार, भरलेली, आणि आवाज न करता फार जोरात जाणारी. पहिल्या दिवशी तिला बघून माझे हात आपोआप जोडले गेले, तेव्हा शेजारून पळत जाणारा एक मुलगा थांबून म्हणाला, "यू ओके?" मी म्हटलं, येस, हीप्स ओके, इथले लोक 'खूप'ला 'हीप्स' म्हणतात तसं. इंग्रजी चुकलं हे तो गेल्यावर कळलं.

इथली सगळ्यात चमत्कारिक गोष्ट म्हणजे पाय. लोक सुपरमार्केटात अनवाणी येतात. कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे इथल्या वाणसामानाच्या दुकानात, ब्रेड घ्यायला अनवाणी, मुलं शाळेत अनवाणी. आणि हीच माणसं दुसऱ्याच्या घरात गेली की बूट घालून थेट सोफ्यापर्यंत, निदान काही जण तरी. आमच्याकडे मी पहिल्यापासून दाराशी रॅक ठेवला आणि पाटी न लावता नियम लावला, चपला बाहेर. बाबांनी फोनवर विचारलं होतं, तोंड कुठे करतेस? बाहेर, मी म्हटलं. ते खूश झाले.

आमच्या रस्त्याच्या टोकाला मार्ता राहायच्या. आधी त्या मला फार्मसीतल्या काउंटरपलीकडून माहीत झाल्या, रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला यायच्या तेव्हा. मग एक दिवस रस्त्यावर दिसल्या आणि आम्ही दोघी हसलो. ऐंशीच्या आसपास वय, पाठ ताठ, हातात काठी, पायात उन्हाळा असो की हिवाळा, नाडीचे करकचून बांधलेले तपकिरी बूट. मूळच्या हंगेरीच्या, बुडापेस्टच्या. ज्यू होत्या. दुसरं महायुद्ध संपल्यावर काही वर्षांनी एका काकांबरोबर बोटीनं इथे आलेल्या. एवढंच त्यांनी सांगितलं होतं आणि एवढंच मी विचारलं होतं. ऐंशी वर्षांच्या बाईला नुसतं मार्ता म्हणायला माझी जीभ वळायची नाही. त्यांनी दटावून दटावून मला ते शिकवलं. मुक्ता मात्र त्यांना मार्ताआजी म्हणायची. त्या तिला हंगेरियन गाणी म्हणायच्या आणि ती एक शब्दही न कळता त्यांना इंग्रजीत उत्तरं द्यायची. माझी प्रसूती अवघड झाली होती. आई तर मी कॉलेजात असतानाच गेलेली. घरी आले तेव्हा सूप घेऊन पहिल्यांदा दारात उभ्या राहिल्या त्या मार्ता. या देशात माझं माणूस म्हणावं असं कोण, असं कोणी विचारलं असतं तर मी त्यांचंच नाव सांगितलं असतं.

पण त्या आमच्या घरात कधी आल्या नाहीत. मी सुरुवातीला हसत सांगितलं होतं की आमच्याकडे बूट बाहेर काढतात, कार्पेट आहे, देव आहेत. त्यावर त्याही हसून म्हणाल्या होत्या, मग मी बाहेरच बरी. तेव्हापासून डेकवर खुर्ची टाकायची, तिथेच चहा. गुडघे दुखत असतील, नाड्या सोडायला वाकवत नसेल, अशी आम्ही आमची समजूत करून घेतली.

२०१५ मध्ये बाबा सहा महिने आले. वीज मंडळातून निवृत्त झालेले, ऑफिसातल्या पत्रांसारखं इंग्रजी बोलणारे. अनवाणी माणसं बघून ते हैराण झाले. देश एवढा श्रीमंत आणि पायात काही नाही, असं रोज एकदा म्हणायचे. मार्ताशी त्यांची गट्टी जमली. तेच एकटे त्यांना मार्ताबाई म्हणायचे आणि मार्तांना ते आवडायचं. मी थालीपीठ केलं की डबा घेऊन बाबा त्यांच्याकडे जायचे, अर्थातच चपला त्यांच्या दाराबाहेर काढून. एक दिवस तिथून जरा तणतणतच परत आले. म्हणे, मी चपला बाहेर काढल्या की ती बाई उठते, त्या उचलून आत आणते आणि माझ्या खुर्चीशेजारी ठेवते. एवढ्या मोठ्या बाईनं माझ्या चपलांना हात लावायचा म्हणजे काय? मी म्हटलं, पावसात भिजू नयेत म्हणून असेल. बाबा म्हणाले, पाऊस कुठे होता? तो प्रश्न तसाच राहिला. मला नसती उत्तरं द्यायची सवय आहे, आणि ती एकदा दिली की मी पुढे विचार करत नाही.

जाताना बाबांनी आपल्या अंगठ्याच्या चामडी चपला इथेच ठेवल्या. पुढच्या वेळी लागतील, म्हणाले. आठ नंबरच्या, उजवी टाच बाहेरच्या अंगानं झिजलेली. रॅकच्या खालच्या फळीवर, तोंड बाहेर. विमानात ते इथे घेतलेले स्पोर्ट्स शूज घालून बसले आणि फोटोत फार ओशाळलेले दिसतात.

पुढची वेळ आली नाही. दुसऱ्या वर्षी सकाळी फिरून आल्यावर त्यांना छातीत दुखलं आणि दुपारपर्यंत सगळं संपलं. दादाचा फोन आला तेव्हा मी काउंटरवर होते. तिकीट मिळून मी पोचेपर्यंत दहावा उजाडला होता. तेराव्याला दादानं दान दिलं. छत्री, तांब्या, आणि नव्या कोऱ्या चपला. गेलेल्या माणसाची वाट लांबची असते, पाय भाजतात, म्हणून द्यायच्या. हे मला माहीत होतं, तरी त्या चपला बघून मी हटून बसले. सात नंबरच्या होत्या. मी म्हटलं, बाबांचा आठ आहे. दादा म्हणाला, गुरुजी घालणार आहेत, त्यांचा सात आहे. मग बाबा कशानं जाणार? दादा माझ्याकडे बघत राहिला. तो वेडा नाही आणि मीही नाही, पण त्या क्षणी आम्हा दोघांना एकमेकांविषयी तशी शंका आली असावी.

परत आले तर रॅकच्या खालच्या फळीवर आठ नंबर उभाच. तोंड बाहेर. आता सांगा, या चपलांचं काय करायचं? टाकवत नव्हत्या. वापरलेल्या वस्तू विकणाऱ्या ऑप शॉपला द्यायच्या तर कोणा अनोळखी माणसाच्या पायात बघवल्या नसत्या. नितीननं एकदा घालून बघितल्या आणि माझा चेहरा बघून लगेच काढल्या. घरात ठेवाव्यात तर मनात येई, बाबा कुठेतरी तापलेल्या वाटेवर अनवाणी चालताहेत आणि त्यांच्या चपला मी हॅमिल्टनमध्ये अडकवून ठेवल्यात. मी हे मोठ्यानं कोणालाच सांगितलं नाही. फार्मसीत माणसं मला विचारून औषधं घेतात.

२०१८ च्या जानेवारीत मार्तांनी आम्हाला बोलावलं. नदीकाठी एक स्मारक झालं होतं. मोठं नाही, झाडांखाली एक शिळा आणि तिच्यावर काही ओळी, युरोपात मारल्या गेलेल्या ज्यूंच्या आठवणीसाठी. इथल्याच काही लोकांनी मिळून केलेलं. तिथे रविवारी सकाळी जमायचं होतं. फुलं आणू का, मी विचारलं. मार्ता म्हणाल्या, फुलं नकोत, दगड आण, आमच्यात दगड ठेवतात. मला धक्काच बसला. आमच्यातही जाळल्यानंतर दहाव्यापर्यंत एक दगड जपतात, त्यात गेलेल्याचा जीव आहे असं धरून, आणि मग नदीला देतात. दादानं तो माझ्या हातात दिला होता. मला वाटलं, चला, हे आपल्यातलंच आहे. नदी आहे, गेलेली माणसं आहेत, दगड आहे. इथे आपल्याला कळतं कसं वागायचं.

आणि मग मी ठरवलं की बाबांच्या चपला तिथेच ठेवायच्या. नदीत नाही. ही नदी इथल्या माओरी लोकांना पूर्वजांसारखी आहे, तिच्यात काही टाकायचं नसतं, हे मुक्ताच्या बालवाडीतसुद्धा शिकवतात. नुसत्या काठावर ठेवायच्या. गेलेल्यांसाठी बांधलेली जागा आहे, तिथून त्या कशा का होईना, बाबांना पोचतील. मी त्या कापडी पिशवीत घातल्या. नितीनला सांगितलं. त्यानं काही विचारलं नाही आणि त्याबद्दल मी त्याची आभारी आहे.

आम्ही जरा लवकर पोचलो. ऊन चढलं होतं. शिळा हिरवळीवर होती आणि तिच्या समोर, पायवाटेपलीकडे, जुन्या धक्क्याचा काँक्रीटचा काठ आणि खाली नदी. शिळेजवळ जाताना आम्ही तिघांनीही चपला काढल्या. समाधीसमोर कोण चपला घालून उभं राहतं? हिरवळीत बारीक काटे होते. मुक्ता म्हणाली, "मम, प्रिकल्स." मी म्हटलं, एवढं चालतं. काढलेल्या चपला लोकांच्या वाटेत नकोत म्हणून मी त्या उचलून काठावर नेल्या. नितीनचे काळे बूट, माझे सँडल, मुक्ताचे पिवळे जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी स्लिपर. सवयीनं जोडीनं लावल्या आणि सवयीनंच तोंड बाहेर केलं. शिळा मागे होती, म्हणजे बाहेर म्हणजे नदीकडे. मग पिशवीतून बाबांच्या काढल्या आणि रांगेत शेवटी ठेवल्या. छान दिसत होतं. बाबांना आवडलं असतं.

हळूहळू माणसं आली. काही जण काठाकडे बघत आणि नजर दुसरीकडे वळवत. एका बाईनं तोंडावर हात ठेवला. मला वाटलं, अनवाणी उभे आहोत म्हणून. मग पायवाटेवरून मार्ता आल्या, एका ओळखीच्या गृहस्थांचा हात धरून. त्यांनी आधी मला बघितलं आणि हसल्या. मग माझ्या मागे, काठाकडे बघितलं. काठी हातातून सुटली. त्यांचे फक्त ओठ हलले, त्यांच्या भाषेत. त्या गृहस्थांचा हात सोडून एका मोठ्या झाडाकडे गेल्या आणि त्याच्या पलीकडे दिसेनाशा झाल्या. मी त्यांच्या मागे जायला निघाले तेव्हा डोक्यावर लहान गोल टोपी घातलेल्या त्या गृहस्थांनीच मला थांबवलं.

त्यांनी फार हळू आणि फार सभ्यपणे सांगितलं. लढाईच्या शेवटच्या हिवाळ्यात बुडापेस्टमध्ये ज्यूंना डॅन्यूब नदीच्या काठावर आणून उभं करत. आधी पायातले बूट काढायला लावत, कारण बुटांना किंमत होती. मग गोळ्या घालत. माणसं नदीत पडत आणि बूट काठावर राहत. आज तिथे स्मारक आहे, काठावर लोखंडाचे बूट, बायकांचे, पुरुषांचे, लहान मुलांचे. मार्तांची आई तिथेच गेली.

मुक्ता माझा हात ओढत होती. तिचे पिवळे जँडल्स माझ्या डोळ्यांसमोर होते. मी त्यांना सॉरी म्हटलं, शिळेला म्हटलं, कोणाकोणाला म्हटलं. मग आम्ही काठावर गेलो, ज्याच्या त्याच्या चपला पायात घातल्या आणि जवळजवळ पळतच गाडीत येऊन बसलो. दगड माझ्या पर्समध्येच राहिला. आणि घरी पोचल्यावर लक्षात आलं की बाबांच्या चपला तिथेच राहिल्या.

विसरले की ठेवून आले? तुम्ही काय वाटेल ते म्हणा, मला आजही सांगता येत नाही. ठेवायलाच नेल्या होत्या, पण तशा नाही. नितीन म्हणाला, जाऊन घेऊन येतो. मी म्हटलं, नको. वरच्या धरणातून पाणी सोडलं की नदी चढते, तेव्हा गेल्याही असतील. दादाला फोन केला तर तो म्हणाला, बरं झालं, सुटलीस एकदाची. मला सुटल्यासारखं काहीच वाटत नव्हतं. आयुष्यभर ज्या गोष्टीला मी आदर समजले, चपला काढणं, ती एका बाईच्या आयुष्यातली सगळ्यात भयंकर गोष्ट होती. ती बाई आमच्या घरात का येत नव्हती ते आता कळलं, आणि वर्षानुवर्षं आम्ही तिला गुडघेदुखी चिकटवली होती. मार्तांच्या दारासमोरून जाताना मी मान खाली घालायचे. पडदे ओढलेले असायचे. फार्मसीत त्यांच्या गोळ्या तयार करून ठेवल्या, पण न्यायला त्या आल्या नाहीत. माझं इथलं एकुलतं एक माणूस मी गमावलं असं मला वाटलं, आणि बाबांनाही दुसऱ्यांदा.

त्या आठवड्यातच एका दुपारी बेल वाजली. दारात मार्ता उभ्या होत्या. काठी काखेत अडकवलेली आणि दोन्ही हातांत बाबांच्या चपला, कोणी तान्हं मूल धरावं तशा छातीशी धरलेल्या. आमच्याकडे मोठ्या माणसानं दुसऱ्याच्या चपलांना असा हात लावलेला मी कधी बघितला नाही. मी घाईनं त्या घ्यायला पुढे झाले, पण त्यांनी दिल्या नाहीत.

"मी झाडामागे थांबले होते," त्या म्हणाल्या. "तुम्ही त्या परत पायात घालता का, ते बघायला."

मी दार पूर्ण उघडलं.

"तुम्ही घातल्या. तिघांनीही. मुलीला तर तू उकिडवं बसून घातल्यास. मी ते असं कधी बघितलं नव्हतं. आमच्याकडे परत कोणी घातले नव्हते." मग म्हणाल्या, "पण चौथा जोड राहिला. तो मला तिथे बघवेना. त्याच दिवशी घेऊन आले. इतके दिवस माझ्या दाराच्या आत होता."

मी चाचरत सांगायचा प्रयत्न केला. तेराव्याच्या चपला, तापलेली वाट, सात नंबर, आठ नंबर. इंग्रजीत ते सगळं किती वेड्यासारखं वाटत होतं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "नदीवर नको ठेवू. दारात ठेव." आणि वाकून, हळूहळू, एक हात भिंतीला लावून, त्यांनी त्या खालच्या फळीवर ठेवल्या. जोडीनं. पण तोंड आत. बाहेरून चालत आलेला माणूस चपला काढतो, तेव्हा त्या जशा पडतात, तशा.

माझा हात फिरवायला पुढे गेला, आणि तसाच राहिला. बाबांनी आयुष्यभर सगळ्यांच्या चपला निघणाऱ्यासाठी लावल्या. आलेल्या माणसासाठी कोणी लावलेल्या मी पहिल्यांदा बघत होते.

मग मार्ता मागे वळल्या, डेकवरच्या खुर्चीकडे. मी त्यांचा दंड धरला आणि म्हटलं, आत या. त्यांनी आपल्या बुटांकडे बघितलं. मी म्हटलं, बूट घालूनच या. त्या माझ्या कार्पेटवरून, देवांच्या समोरून, करकचून बांधलेल्या नाड्यांनिशी चालत आत आल्या आणि सोफ्यावर बसल्या. मी चहा टाकला. बालवाडीतून आलेल्या मुक्तानं दप्तर टाकलं आणि घरात आलेल्या त्या बुटांकडे बघून विचारलं, "हाऊ कम मार्ताआजी गेट्स टू?" मी तिला म्हटलं, नंतर सांगते. अजून सांगितलेलं नाही.

तुम्ही फोनवर विचारता, परत कधी येणार, आणि इकडचे विचारतात, आता हेच घर ना? दोघांनाही मी हो म्हणते. खरं तर मला इतकंच कळतं की माझ्या दाराशी बाबांच्या चपला आहेत आणि त्यांचं तोंड आत आहे. इथली धूळ बसते, ती मी पुसते. नवीन माणूस आला की रॅककडे बघून विचारतो, घरात अजून कोणी आहे का? मी आधी नाही म्हणायचे. आता म्हणते, हो, बाबा आलेत.